अंगवळणी पडलेली दुखणी

नोव्हेंबर उजाडला, की आपण हयात असल्याचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनावर निर्वाह करणाऱ्या वृद्धांची बँकांतून रांग लागते. आणि त्या रांगेकडे ज्याने कधी निवांतपणे पाहिले असेल त्याच्या ध्यानात आले असेल, की तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या देहावर त्याने आयुष्यभर केलेल्या चाकरीची मोहोर उमटलेली असते. फळ्यावर अक्षरे काढण्यात ज्यांची उमर गेली त्या मास्तरांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जाताना मध्येच अडखळतो, आणि सदऱ्याच्या बाहीत हात घालण्याच्या साध्या क्रियेतही त्यांच्या कपाळावर एक सूक्ष्म आठी उमटते. एस.टी.च्या गाडीत, खाचखळग्यांच्या रस्त्यांवर, गर्दीत दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले असताना केवळ पायांच्या भरवशावर तोल सावरणारा वाहक बँकेच्या गुळगुळीत फरशीवरही पाय फाकवून आणि गुडघे किंचित वाकवून उभा असतो. रात्रपाळ्या केलेली परिचारिका कंबरेवर हात ठेवल्यावाचून उभी राहत नाही. परस्परांची नावे ठाऊक नसलेली ही माणसे व्याजाच्या दरांविषयी दोन शब्द बोलून होताच दुखण्यांच्या विषयाकडे वळतात, आणि एकमेकांच्या गुडघ्यांची, मानेची, टाचांची चौकशी अशा आस्थेने करतात, की नातलगांनाही ती सहसा साधत नाही.

परंतु माझे लक्ष वेधून घेते ती आणखी एक गोष्ट. खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने कागद हाती घेतला आणि तो क्षणभर त्याकडे पाहत राहिला, की समोर उभ्या असलेल्या माणसाचे खांदे नकळत कानांच्या दिशेने सरकतात, ओठ मिटतात, श्वास छातीच्या वरच्या भागात येऊन थबकतो. आणि कागदावर शिक्का पडल्याचा आवाज झाला, की तेच खांदे सावकाश खाली उतरतात. त्या खांद्यांवर कसलेही ओझे नसते. तरीही संध्याकाळी घरी परतल्यावर ते दुखतात, आणि दुखण्याचे कारण शोधताना आपण उशीला, वाऱ्याला, वातुळ भाजीला किंवा वयाला दोष देतो; त्या खिडकीला मात्र कोणी देत नाही.

इटलीतील मोदेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली निरनिराळे व्यवसाय करणाऱ्यांच्या रोगांविषयी एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारावयाचे, त्यांत ‘तुम्ही काम कोणते करता?’ या एका प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता. त्या ग्रंथाच्या पुढच्या, वाढीव आवृत्तीत लेखनिकांवरही विवेचन आहे, आणि त्यांच्या व्याधींची त्याने तीन कारणे सांगितली आहेत: अखंड बैठक, एकाच दिशेने अविश्रांत चालणारा हात, आणि हिशेबात किंवा लिहिण्यात चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर सतत राहणारा ताण. पहिली दोन कारणे कोणाही चाणाक्ष वैद्याला दिसली असती. तिसऱ्या कारणाची नोंद ज्याने केली तो मनुष्य नुसता वैद्य नव्हता असे मला वाटते. कारकुनाच्या शेजारी बसून, त्याचा श्वास कुठे अडकतो हे त्याने खचित पाहिले असले पाहिजे.

माझे आजोबा मामलेदार कचेरीत उमेदवारी करून कारकून झाले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मोडी त्यांच्या हातात लहानपणीच बसली होती. पानावर आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली, बोरू शक्य तितका कमी उचलत, अक्षरांची साखळी ओवीत जावयाचे, ही त्या लिपीची रीत. त्यामुळे मनगटाला विसावा असा तो नाहीच. उभ्या केलेल्या गुडघ्यावर कागद धरून, मान खाली घालून ते घरीही तासन्‌तास लिहीत. असे असूनही, घरातल्या सर्वांना एक गोष्ट ठाऊक होती, की आजोबांची मान धरावयाची ती लेखनाच्या रगाड्यात नाही. ती धरावयाची जमाबंदीच्या सुमारास, किंवा प्रांतसाहेबांची फिरती तालुक्यात येणार असल्याचा हुकूम आला म्हणजे. दप्तरातले रुमाल जागच्या जागी असत, नोंदींत खाडाखोड नसे, वसुलाचा आकडा बरोबर असे. तरीही आदल्या रात्री आजी तव्यावर फडके तापवून त्यांची मान शेकीत बसे. साहेबांविषयी घरात नुसते बोलतानाही आजोबांची हनुवटी छातीकडे झुके. निवृत्तीनंतर कचेरीची पायरी त्यांना पुन्हा चढावी लागली नाही, परंतु मानेने तो झुकाव सोडला नाही. त्यांच्या उपलब्ध छायाचित्रांतून, अगदी सत्यनारायणाच्या पूजेच्या छायाचित्रातही, ते कोणातरी अदृश्य वरिष्ठापुढे उभे असल्यासारखेच दिसतात.

शरीराची जी ठेवण आपण उपजत किंवा वयाने आलेली म्हणून मान्य करतो, तिच्यातला केवढातरी अंश हा मुळात एखादा भाव असतो, आणि प्रसंग सरल्यावर तो भाव मनातून विरून गेला तरी स्नायूंत तसाच राहून जातो, ही जाणीव मला त्या छायाचित्रांनी दिली. झुकलेली मान ही प्रथम अदब असते. मग ती सवय होते, आणि मग दुखणे होते. आणि दुखणे झाल्यावर तिचे मूळ अदबीत होते हे सांगावयास कोणी उरत नाही.

शरीरशास्त्र यासंबंधी जे सांगते ते तसे साधे आहे. माणसाचे मस्तक साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते कण्यावर सरळ तोललेले असेपर्यंत मानेच्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत, परंतु पुढे झुकले, की ते ओढून धरण्याचे काम त्यांना अहोरात्र करावे लागते. चालणारा स्नायू आकुंचन पावतो आणि सैलावतो, आणि या आवर्तनात रक्त त्याच्यातून खेळते राहते. नुसता धरून ठेवलेला स्नायू मात्र आपल्याच रक्तवाहिन्या दाबून ठेवतो, म्हणून मैलभर चालणाऱ्यापेक्षा तासभर अवघडून बसलेला माणूस अधिक आंबून जातो. कण्याच्या मणक्यांमध्ये ज्या लवचीक चकत्या असतात त्यांना प्रौढपणी स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण हालचालीने होणाऱ्या दाबाच्या चढउतारावर बरेचसे अवलंबून असते. दिवसभराच्या भाराने त्या इतक्या चेपतात, की सकाळी उठलेला माणूस रात्री निजताना एखाद्या सेंटीमीटरने खुजा झालेला असतो आणि निद्रेत ती उंची परत मिळवतो. आणि भय? भयाच्या क्षणी देह पळण्याची किंवा झुंजण्याची सिद्धता करतो: जबडा आवळला जातो, खांदे वर येतात, पोट घट्ट होते. अरण्यात या सिद्धतेचा निकाल घटकेत लागत असे. कचेरीत, वर्गात, सासरच्या माजघरात, कर्जाच्या तगाद्यापुढे ना पळता येते ना झुंजता येते. ती सिद्धता तशीच मुदतीवाचून तहकूब राहते, आणि रात्री झोपेतही दातांवर दात घासले जातात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाकडे मी या विचाराच्या ओघात पुनःपुन्हा वळलो आहे. शरीराच्या तेरा नैसर्गिक वेगांची तिथे गणना आहे, आणि ते अडवू नयेत असा स्पष्ट निर्देश आहे. मलमूत्रादी वेग तर त्यांत आहेतच. पण भूक, तहान, झोप, जांभई, शिंक, श्रमानंतरची धाप आणि डोळ्यांत येणारे पाणी यांनाही तोच मान दिला आहे. शिंक दाबली तर मान ताठरते आणि डोके दुखते, झोप अडवली तर सर्वांग मोडून येते, भूक मारली तरीही अंगमर्दच, असा एकेका निग्रहाचा परिणाम तिथे नोंदवलेला आहे. त्याच अध्यायात पुढे दुसरी एक याद येते, आवरावयाच्या वेगांची, आणि तिच्यात लोभ, भय, क्रोध, मत्सर यांच्या जोडीला शोक आहे. इथे माझे वाचन दर वेळी थांबते. शोक आवरावा, परंतु अश्रू आवरू नयेत! प्रथमदर्शनी विसंगत वाटणाऱ्या या दोन विधानांत केवढी करुणा आणि केवढे निरीक्षण साठलेले आहे. शोकाने सर्व आयुष्याचा कबजा घेऊ नये. पण डोळ्यांपर्यंत आलेले पाणी हे देहाचे आहे, ते देहाला परत घ्यावयास लावू नये. अश्रू दाबल्याने जो विकार होतो त्यावर त्या प्राचीन वैद्याने जे उपचार सांगितले आहेत त्यांत झोप आहे, मद्य आहे, आणि प्रिय गोष्टी बोलणे-ऐकणे हेही आहे. कोणीतरी जवळ बसून दोन गोड गोष्टी बोलणे हे जिथे औषधांच्या पंक्तीत बसवले गेले, त्या शास्त्राविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

आपल्या घरांतले वळण मात्र या अध्यायाच्या नेमके उलट चालत आले. चारचौघांत जांभई देऊ नये, मोठ्याने शिंकू नये, पंगत उठल्यावाचून बायकांनी जेवू नये, पाहुण्यांसमोर रडू नये, आणि प्रवासात तर पाणीच पिऊ नये, कारण आडोसा मिळेल याची शाश्वती नाही. तहान आणि लघवी या दोन्ही वेगांना एकाच वेळी कोंडून एस.टी.च्या फळीवर पाच-सहा तास बसलेल्या किती स्त्रियांच्या ओटीपोटातल्या कळा आणि मस्तकातला ठणका निव्वळ ‘प्रवास बाधला’ या दोन शब्दांखाली जमा झाला असेल! कोकणात आषाढातल्या लावणीच्या दिवसांत चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभ्या राहून, कंबरेत वाकून, दिवसभर उलट्या पावलांनी मागे सरकत भाताची रोपे रोवणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांची पाठ दुखते हे सांगावयास वैद्य नको. परंतु बांधावर येऊन त्या ताठ उभ्या राहतात आणि दोन्ही तळहात कंबरेवर दाबून क्षणभर आकाशाकडे पाहतात, तेव्हा एक दीर्घ उच्छ्वास त्यांच्या तोंडून मोकळेपणी बाहेर पडतो. आणि तो उच्छ्वास माजघरातल्या स्त्रीला, सासूसासऱ्यांच्या कानांवर जाईल म्हणून, तितक्या मोकळेपणी टाकता येत नसे. तिने तो जात्याच्या घरघरीत आणि ओवीच्या सुरात मिसळून टाकला. पहाटेच्या अंधारात दळताना तिला जे गाता आले ते तिला दिवसा बोलता आले नसते, आणि जाती गेल्यावर खांद्यांचे श्रम वाचले तरी ती एकांतातली वाटही बुजली, हे म्हणताना मी त्या श्रमांचा गौरव करीत नाही. ते श्रम जावयासच हवे होते.

आमच्या घरी एक काकू होत्या. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या मर्यादेत वावरत. वर्षातून केव्हातरी त्यांना उसण भरे. खाली वाकलेल्या त्या वर उठू शकत नसत, श्वास घेतला तरी चमक निघे. निरगुडीचा पाला, विटेचा शेक, एरंडाचे पान हे सर्व उपाय होऊन गेले, की आळीतल्या एका पायाळू मुलाला बोलावणे जाई. पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला, की उसण उतरते, हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. काकू पालथ्या पडून राहत, तो संकोचलेला मुलगा भिंतीचा आधार घेऊन आपला तळवा त्यांच्या पाठीवरून हलकेच फिरवी, आणि घरातली सर्व माणसे भोवती उभी राहून ‘आता कसं वाटतंय?’ म्हणून विचारीत. काकूंना खरोखरच उतार पडे. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले, की रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली एक उपपत्ती मांडली होती: स्पर्शाच्या संवेदना कण्यातल्या मज्जारज्जूतच वेदनेचा मार्ग काही अंशी अडवू शकतात, म्हणून दुखऱ्या जागी हात चोळला असता बरे वाटते. त्या उपपत्तीने पायाळूपणाचे रहस्य उलगडले असेल. पण मला त्याहून अधिक स्मरतो तो भोवती जमलेला मेळा. ज्या स्त्रीच्या पाठीवरून एरवी कोणाचाही हात फिरत नव्हता, जिला ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न वर्षभर कोणी विचारीत नव्हते, तिला तो स्पर्श आणि तो प्रश्न मिळण्यासाठी उसण भरावी लागत असे.

असे काही लिहिले, की दुखणे म्हणजे मनाचे खेळ, असा अर्थ काढणारे लोक सरसावतात, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात राग आहे. मुंबईच्या बाजारांतून पाठीवर आणि माथ्यावर गोण्या वाहणाऱ्या हमालाच्या मणक्यांना कोणत्याही सद्भावनेने झीज चुकली नाही. अशा हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा व्हावा लागला. मन शरीराला दुखवते याचा अर्थ दुखणे खोटे असा होत नाही. ते दुहेरी खरे असते.

वारीत ही दुहेरी सत्यता निराळ्या बाजूने दिसते. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिवे घाटाची चढण चढून दिंडी सासवडला टेकते तेव्हा पायांना फोड आलेले असतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि मुक्कामावर ठिकठिकाणी अनोळखी माणसे वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपीत बसलेली दिसतात. एका वयोवृद्ध माउलींना मी विचारले, ‘माउली, पाय फार दुखत असतील?’ त्या म्हणाल्या, ‘दुखत्यात की. पन इथलं दुखनं येगळं, घरचं येगळं.’ अमेरिकन वैद्य हेन्री बीचर याने दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिकांची पाहणी करून १९४६ साली नेमके हेच नमूद केले होते, की भीषण जखमा झालेल्या सैनिकांपैकी कितीतरी जण वेदनाशामक औषध मागत नव्हते. कारण त्यांच्यापुरता त्या जखमेचा अर्थ होता रणांगणातून जिवंत सुटका. जखमेचे माप आणि वेदनेचे माप एक नसते. माउलींना हे कळावयास कोणतीही पाहणी करावी लागली नव्हती.

हल्लीच्या तरुणांच्या माना फोनवर झुकलेल्या असतात आणि त्यावर पुष्कळ बोलले जाते. मला त्या झुकण्यापेक्षा त्यातले थांबणे अधिक दिसते. उत्तर येईल का, कामाचा निरोप आला असेल का, या प्रतीक्षेत श्वास अर्धवट धरून बसलेला तरुण मला आजोबांहून फार दूरचा वाटत नाही. आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका घरात, अमेरिकेतल्या मुलाची सकाळ होण्याची वाट पाहत, हातात फोन घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली आई असते. पाठ टेकून बसावे असे तिला कितीदा सांगितले, तरी ती टेकत नाही; पाठ टेकणे म्हणजे जणू वाट पाहण्यात कसूर करणे. सकाळी तिची कंबर धरते. कंबरेला पट्टा मिळतो, गोळ्या मिळतात, व्यायामाचा तक्ता मिळतो, आणि त्यांचा उपयोगही होतो, हे मी मान्य करतो. खुर्चीच्या कडेवरून तिला मागे कसे सरकवावे, हे मला अजून उमगलेले नाही.

अलीकडे एका रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात एका नातलगाबरोबर मी बसलो होतो. शेजारच्या टेबलापाशी नऊवारी नेसलेल्या एक आजी आल्या होत्या. दोन्ही खांदे जखडलेले, हात वर जात नव्हता. समोरची उपचार करणारी मुलगी विशीतली असावी. तिने छापील तक्ता पुढे ओढला आणि नित्याचा प्रश्न विचारला, ‘आजी, कधीपासून दुखतंय?’ आजींनी थोडा विचार केला. मग त्या म्हणाल्या, ‘आता बघ, माझ्या माहेरची विहीर गावाबाहेर होती...’ मुलीने तक्त्यातल्या रकान्याकडे पाहिले. तिथे महिन्यांचा किंवा वर्षांचा आकडा लिहावयाचा होता. एक क्षण ती घोटाळली, मग तिने लेखणी खाली ठेवली, स्वतःचे स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाली, ‘बरं, मग?’ बाहेर रांग वाढत होती, पुढच्या रुग्णाचे नाव दोनदा पुकारले गेले होते, आणि आजी विहिरीवरून भरलेली घागर घेऊन अजून वेशीपर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.